आधी चव, मग नाव

मे महिन्यातील तिसरा शनिवार जागतिक व्हिस्की दिन म्हणून पाळला जातो. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात शिकणाऱ्या ब्लेअर बोमन या विद्यार्थ्याने २०१२ मध्ये तो सुरू केला. कुठल्याही सरकारने किंवा जागतिक संस्थेने हा दिवस ठरवून दिलेला नाही. चार मित्र जमतात, प्रत्येक जण आपली आवडती बाटली आणतो आणि कोणाला काय का आवडले यावर गप्पा रंगतात, एवढेच त्याचे स्वरूप. मराठी वाचकाने त्याची दखल का घ्यावी, याची दोन कारणे आहेत. स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या व्हिस्कीच्या सर्वाधिक बाटल्या आज भारतात येतात. २०२४ मध्ये हा आकडा १९ कोटींहून अधिक होता. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉचवरील १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे, असे त्यात ठरले. हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक आनंदाचे आहे. बंगळुरू, गोवा, हरियाणा आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातही आता सिंगल माल्ट तयार होते, आणि ती जगातल्या कोणत्याही व्हिस्कीशेजारी मांडता येते.

इतकी निवड आपल्यापुढे याआधी कधीच नव्हती. निवड वाढली की पारख लागते, आणि पारख दुकानात विकत मिळत नाही. जाहिरातीतून मिळत नाही, किमतीच्या चिठ्ठीवरूनही नाही. मित्रांच्या बैठकीत मात्र ती हळूहळू अंगी बाणते. त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते, आणि आजच्या निमित्ताने आम्हाला त्याचाच आग्रह धरायचा आहे: आधी चव घ्यावी, नाव नंतर वाचावे.

या पथ्याचा इतिहासही एका मित्रमंडळापासूनच सुरू होतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरामध्ये राहणाऱ्या पिप हिल्स यांनी स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातील ग्लेनफार्क्लास डिस्टिलरीतून व्हिस्कीचे एक छोटे पिंप थेट विकत घेतले. संपूर्ण पिंप एकट्याने घेणे अवघड, म्हणून मित्रांनी वर्गणी काढली. त्या काळी बाजारात मिळणारी बहुतेक स्कॉच म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचा माल एकत्र करून, पाणी घालून ठरावीक तीव्रतेवर आणलेली ब्लेंडेड व्हिस्की असे. पिंपातून जशीच्या तशी काढलेली एका डिस्टिलरीची व्हिस्की त्या मित्रांनी वाटून घेतली आणि ते चकित झाले. मित्रांचे मित्र आले, आणखी पिंपे आली, आणि १९८३ मध्ये या मंडळाची रीतसर संस्था झाली: स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी. एडिंबराच्या लीथ बंदरातील द व्हॉल्ट्स नावाच्या जुन्या दगडी इमारतीत तिचे ठाणे झाले. आज तिचे सभासद जगभर आहेत.

या सोसायटीच्या बाटलीवर डिस्टिलरीचे नाव नसते, फक्त एक आकडा असतो. दशांश चिन्हाच्या आधीचा भाग डिस्टिलरी सांगतो, नंतरचा भाग त्या डिस्टिलरीचे कितवे पिंप ते सांगतो. १.१ म्हणजे ग्लेनफार्क्लासचे पहिले पिंप. यामागे एक व्यावसायिक अडचण होती. प्रत्येक पिंपाची चव वेगळी असल्यामुळे आपले प्रसिद्ध नाव अशा बाटलीवर यावे, असे डिस्टिलऱ्यांना वाटत नसे. पण या अडचणीतून मोठा लाभ झाला. सभासद नाव वाचण्याऐवजी वास घेऊ लागले, एकमेकांना विचारू लागले, वहीत टिपून ठेवू लागले. ज्या डिस्टिलरीचे नाव कोणी कधी ऐकले नव्हते तिच्या पिंपाला भरभरून दाद मिळू लागली.

त्याच दशकात चवीबद्दल बोलायला शब्द मिळवून देणारा एक लेखकही इंग्लंडमध्ये लिहीत होता. मायकेल जॅक्सन हे त्यांचे नाव. गायक मायकेल जॅक्सनशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांचा माल्ट व्हिस्कीवरील मार्गदर्शक ग्रंथ १९८९ मध्ये आला. प्रत्येक व्हिस्कीचा रंग, वास, जिभेवरची चव आणि घोट गिळल्यानंतर मागे राहणारी चव अशी वेगवेगळी नोंद करून ते १०० पैकी गुण देत. त्याआधी व्हिस्की ‘चांगली’ किंवा ‘कडक’ एवढेच म्हणून लोक थांबत. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. २७ मार्च या त्यांच्या जन्मदिवशी त्यांच्या स्मरणार्थ आणखी एक व्हिस्की दिन पाळला जातो. हिल्स यांनी नाव बाजूला ठेवायला शिकवले, जॅक्सन यांनी चवीचे वर्णन करायला शिकवले. मित्रांच्या बैठकीला या दोन्ही गोष्टी लागतात.

आता ग्लासांत काय काय येऊ शकते ते पाहू. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी व्हिस्की स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरलेली असावी लागते. बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांहून कमी चालत नाही. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली व्हिस्की. मोड आलेली बार्ली वाळवताना पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेली अर्धवट कुजलेली वनस्पती, जाळली तर तिचा धूर दाण्यात उतरतो आणि शेवटपर्यंत टिकतो. आयला बेटावरील लाफ्रॉएग, आर्डबेग, लागावुलिन यांची ओळख याच धुरामुळे. आयर्लंडमध्ये साधारणपणे तीनदा गाळण्याची पद्धत असल्यामुळे तिथली व्हिस्की जिभेवर मऊ उतरते. तिथे मोड आणलेल्या आणि न आणलेल्या बार्लीचे मिश्रण गाळण्याची जुनी रीतही आहे. माल्टवर कर बसला तेव्हा तो वाचवण्यासाठी ही रीत रुजली, आणि तिच्यातून एक वेगळीच तेलकट, मसालेदार चव जन्माला आली. एकेकाळी डब्लिनची व्हिस्की स्कॉचपेक्षा वरचढ मानली जाई. पुढे हा उद्योग इतका खचला की १९७०च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण आयर्लंड बेटावर दोनच डिस्टिलऱ्या चालू होत्या: मिडलटन आणि बुशमिल्स. आज तिथे पुन्हा डझनावारी भट्ट्या पेटल्या आहेत. रेडब्रेस्टसारखी व्हिस्की चाखताना, बुडता बुडता वाचलेल्या एका परंपरेची चव आपण घेत असतो.

अमेरिकेच्या बर्बनचा नियम आणखी निराळा. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि व्हिस्की आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या भांड्यातच मुरवायला हवी. म्हणजे एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही. मग ही लाखो पिंपे जातात कुठे? ती स्कॉटलंडला जातात, आयर्लंडला जातात, बंगळुरूला आणि गोव्यातही येतात. बर्बनने कोऱ्या लाकडाचा पहिला तिखटपणा शोषून घेतलेला असतो. उरलेले व्हॅनिला, खोबरे आणि मधाचे सूर दुसऱ्या व्हिस्कीत अलगद उतरतात. अमेरिकेतल्या एका कायद्यामुळे गोव्यातल्या ग्लासाला गोडवा येतो. चार देशांच्या बाटल्या एका टेबलावर आल्या की असे धागे उलगडत जातात आणि बैठकीला विषय कमी पडत नाही.

आपल्या देशाची कहाणी या संदर्भात मन लावून वाचण्यासारखी आहे. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये बंगळुरूत अमृत डिस्टिलरी सुरू केली. त्यांचे पुत्र नीलकंठ राव जगदाळे यांच्या मनात भारतीय बार्लीपासून सिंगल माल्ट करण्याचे आले. नातू रक्षित इंग्लंडमध्ये शिकत होते. भारतीय सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये विकता येईल का, याचाच त्यांनी अभ्यास केला. ग्लासगोच्या पबमध्ये नाव न सांगता ही व्हिस्की लोकांपुढे ठेवली गेली. चाखणाऱ्यांना ती स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातली, चांगली मुरलेली व्हिस्की वाटली. ती भारतातून आली आहे हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले असेल, याची कल्पना करावी. २००४ च्या ऑगस्टमध्ये अमृत सिंगल माल्ट ग्लासगोतच बाजारात आली. भारतीय आणि स्कॉटिश बार्ली एकत्र वापरून केलेल्या अमृत फ्यूजनला व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांच्या २०१० च्या व्हिस्की बायबलने जगातली तिसरी सर्वोत्तम व्हिस्की ठरवले. आणि ज्या बंगळुरूत ती तयार होत होती तिथल्या ग्राहकाला ती मिळायला २०१० साल उजाडावे लागले. नीलकंठ राव २०१९ मध्ये गेले. त्यांनी घातलेल्या पायावर आज भारतीय माल्टची इमारत उभी आहे.

त्यानंतर २०१२ मध्ये दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळीहून पॉल जॉन आली. तीही आधी ब्रिटनलाच गेली. २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातून रामपूर आली, २०२१ मध्ये हरियाणातून इंद्री. इंद्रीच्या दिवाळी आवृत्तीला २०२३ मध्ये अमेरिकेतील ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत सर्वश्रेष्ठ किताब मिळाला. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी आपल्याला द्राक्षांसाठी माहीत. तिथूनही २०२२ मध्ये लाँगिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट आली. दोन दशकांपूर्वी यातले काहीही नव्हते.

या प्रवासातली सल लपवण्यासारखी नाही. आपल्या मातीतल्या व्हिस्कीला पहिली पावती परक्या देशातल्या अनोळखी माणसांनी दिली. देऊ शकले, कारण त्यांच्यापुढे नाव नव्हते. आपल्यापुढे मात्र नेहमी आधी नाव येते. लग्नाच्या बोलण्यात, बढतीच्या पार्टीत, परदेशातून येणाऱ्या भावाच्या बॅगेत कोणती बाटली आहे यावरून माणसाची पत ठरते. निळे लेबल काळ्याच्या वर, अठरा वर्षांची बाटली बारा वर्षांच्या वर, ही उतरंड पाठ असते. घोट घेण्याआधीच निकाल लागलेला असतो, त्यामुळे जिभेला काही सांगण्याची संधीच मिळत नाही.

बाटलीवरच्या वयाचेच पाहा. ते वय त्या बाटलीतील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. पण वय म्हणजे गुण असे गणित सर्वत्र लागू पडत नाही. स्कॉटलंडच्या थंड हवेत पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बंगळुरूत हाच वाटा वर्षाला दहा टक्क्यांच्या पुढे जातो. उष्णतेने व्हिस्की लाकडात झपाट्याने शिरते, झपाट्याने बाहेर येते, आणि चार-पाच वर्षांत जी खोली गाठते तिला तिकडे कितीतरी अधिक काळ लागतो. इथे एखादे पिंप १८ वर्षे ठेवले तर त्यात फारसे काही उरणारच नाही. त्यामुळे भारतीय माल्टवर बहुधा वय लिहिलेले नसते. आकडा शोधणारा ग्राहक ती बाजूला सारतो आणि तिची चव त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून मित्रांची बैठक. तिची रीत अवघड नाही. चार जणांनी वर्गणी काढावी किंवा प्रत्येकाने एक बाटली आणावी, म्हणजे कोणाही एकावर भार पडत नाही. एका बैठकीत चारच प्रकार घ्यावेत आणि प्रत्येकी १५ मिलिलिटर ओतावेत. चारही मिळून ६० मिलिलिटर, म्हणजे आपल्याकडचा एक लार्ज पेग होतो. तो दोन तासांत पसरावा आणि तिथेच थांबावे. बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर फक्त आकडे घालावेत. सौम्य आयरिश आधी, भारतीय माल्ट आणि बर्बन मध्ये, आयलाची धुरकट व्हिस्की शेवटी. कारण तो धूर एकदा जिभेवर बसला की पुढचे काही नीट कळत नाही. ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असला तर वास एकवटतो. स्कॉटलंडचा ग्लेनकेर्न ग्लास २००१ मध्ये याच विचाराने बाजारात आला. बर्फ आणि सोडा पहिल्या फेरीत नको. तिखट शेव, मसाला शेंगदाणे, चकली हा चकणाही चाखून झाल्यावरच काढावा.

वास आधी घ्यावा, तोंड किंचित उघडे ठेवून. मग अगदी छोटा घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरवून. त्यानंतर चमच्याने पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा. पाण्याने व्हिस्की ‘मोडते’ असा आपल्याकडे समज आहे. स्वीडनमधील लिनेयस विद्यापीठातील ब्योर्न कार्ल्सन आणि रान फ्रीडमन या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले की, धुरकट चव देणाऱ्या ग्वायकोलचे रेणू मद्यार्काचे प्रमाण उतरले की द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात. नाक पृष्ठभागावरचाच वास घेते, म्हणून थोडे पाणी चव खुलवते. एकाच ग्लासात पाण्याआधी आणि पाण्यानंतर किती फरक पडतो हे प्रत्येकाने स्वतः अनुभवावे.

मग पहिली दोन-तीन मिनिटे कोणी बोलू नये. प्रत्येकाने आपल्यापुरते लिहून ठेवावे. बैठकीत एक जण तरी असा असतो की ज्याचा शब्द इतरांना शेवटचा वाटतो. तो आधी बोलला तर बाकीच्यांना तेच वास येऊ लागतात. लिहून झाल्यावर क्रमाने वाचावे. आणि वाचताना इंग्रजी पुस्तकांतली वर्णने उसनी घेऊ नयेत. हीदरची फुले आपण हुंगलेली नसतात, ख्रिसमसचा केक आपल्या घरी होत नसतो. पण हुरड्याच्या आगटीचा धूर आपल्या ओळखीचा आहे. गुऱ्हाळातली काकवी, गवताच्या आढीत पिकणारा आंबा, किसलेले जायफळ, सुके खोबरे, पाकातले अंजीर, गुडघा फुटल्यावर लावलेले टिंक्चर आयोडीन, सुकत घातलेल्या मासळीचा किनारा हे सारे वास आपल्या नाकात लहानपणापासून साठलेले आहेत. शेरीच्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत मनुका आणि अंजीर सापडतात, बर्बनच्या पिंपातल्या व्हिस्कीत खोबरे. मराठी माणसाने ते मराठीतच सांगावे. नाक ज्या घरात वाढले त्या घराचीच आठवण ते देणार.

तुलना करण्याची सवय आपल्याला नवी नाही. याच मे महिन्यात घरोघरी देवगड आणि रत्नागिरीच्या हापूसवरून वाद चालू असतात. पायरीचा रस सरस की हापूसचा, यावर आजोबा आणि नातू दोन्हीकडून तावातावाने बोलतात. साल, रेषा, वास, कोयीजवळची आंबट-गोड चव यांचा बारकाईने विचार करणारी ही माणसे आहेत. आंब्याबाबत दाखवतो ती चोखंदळ वृत्ती व्हिस्कीपुढे मात्र आपण लेबलाच्या स्वाधीन करतो. याचे एक कारण असे की आंबा आपण उघडपणे, सगळ्यांसमोर, चवीने खाल्ला. दारू मात्र पिढ्यानुपिढ्या दाराआड आणि घाईने घेतली गेली. जे लपवून करायचे त्याची चर्चा होत नाही आणि ज्याची चर्चा होत नाही त्याची जाणही वाढत नाही.

मतभेद हा या बैठकीचा गाभा आहे. एकाला आयलाच्या धुरात शेकोटीची ऊब लागते, दुसऱ्याला तिथेच दवाखान्याचा वास येतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. प्रत्येकाचे नाक वेगळे, प्रत्येकाची आठवण वेगळी. इथे वाद जिंकून काही हाती लागत नाही. ‘तुला जे सापडले ते मला दाखव’ असे म्हणून पुन्हा ग्लास नाकाशी नेणारा मित्र जिंकण्यापेक्षा मोठी गोष्ट मिळवतो: दुसऱ्याच्या इंद्रियांनी जग अनुभवण्याची संधी. आणि कागद काढल्यावर, महाग म्हणून आणलेली बाटली चौथी आणि गोव्याची पहिली आलेली दिसली, तर कोणाचाही पाणउतारा होत नाही. सगळ्यांच्याच समजुतीत भर पडते. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसांत हे सहज होते. मित्रापुढे आपले मत बदलायला लाज वाटत नाही, हे मैत्रीचे मोठे देणे आहे.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. दारूने या राज्यात असंख्य संसार धुळीला मिळवले आहेत. गडचिरोलीत लोकांच्या लढ्यामुळे १९९३ मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात स्त्रियांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. २०१५ मध्येच मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मतदान करून गावातली बाटली आडवी करणाऱ्या स्त्रिया ज्या दुःखातून उभ्या राहिल्या ते दुःख खरे आहे, आणि व्हिस्कीच्या चवीवर लिहिणाऱ्याने त्यांच्यापुढे आदराने उभे राहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले की, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. चवीने घेतलेली व्हिस्की औषध होते, असा कोणताही दावा आम्ही करत नाही. जो घेत नाही त्याने या दिवसासाठी सुरू करावे, असेही आम्हाला मुळीच वाटत नाही.

जे घेतात त्यांच्यासाठी मात्र नियमांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. महाराष्ट्रात व्हिस्की घेण्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत आणि परवाना हवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून चालत आलेली परवान्याची ही अट आजही लागू आहे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. एक लार्ज पेगही या मर्यादेपाशी नेऊ शकतो, म्हणून बैठकीला आलेल्याने गाडीची किल्ली घरीच ठेवावी. ‘एक घे रे, काही होत नाही’ हे वाक्य मित्रमंडळातून कायमचे हद्दपार व्हावे. सोडणाऱ्याला सोडू द्यावे, नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. खरे तर न पिणाऱ्या मित्राला या बैठकीत मानाचे स्थान आहे. बाटल्या झाकणे, क्रम ठरवणे, कोणाचा अंदाज काय होता याची नोंद ठेवणे हे काम ज्याच्या ग्लासात काही नाही त्याच्याकडेच द्यावे. पंच तटस्थच हवा.

उद्योगाकडूनही आपली एक मागणी असली पाहिजे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा उसाच्या मळीपासून किंवा धान्यापासून काढलेल्या उदासीन, म्हणजे स्वतःची चव नसलेल्या, मद्यार्काचा असतो. त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळलेली असते. मळीपासून केलेल्या मद्याला युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. साखर कारखान्यांच्या या राज्यात मळीपासून मद्य होण्यात गैर काही नाही. ग्राहकाला मात्र आपण काय घेतो आहोत ते कळले पाहिजे. माल्ट किती, धान्याचा मद्यार्क किती, मळीचा किती, पिंपात मुरली का आणि किती काळ, हे प्रत्येक बाटलीवर ठळक आणि मराठीतही छापलेले असावे. प्रामाणिकपणे माल्ट करणाऱ्या उत्पादकांचा यात फायदाच आहे. उत्तम व्हिस्की करणाऱ्याला माहिती उघड करण्याची भीती नसते.

आयातशुल्क उतरेल तसतशा परदेशी बाटल्या वाढतील, जाहिरातीही वाढतील. त्या लोंढ्यात भारतीय माल्ट टिकून राहतील की नाही, हे आयातशुल्कापेक्षा आपल्या पारखीवर अधिक अवलंबून आहे. नावाला भुलणारा ग्राहक नावाचीच किंमत मोजत राहील. चव ओळखणारा ग्राहक उत्तम स्कॉचला मनापासून दाद देईल आणि कुंकळ्ळीच्या किंवा दिंडोरीच्या व्हिस्कीलाही, ती लायक असेल तर, तितक्याच मोकळेपणाने पहिला क्रमांक देईल. नसेल तर देणार नाही, आणि त्या नकारातूनही आपला उत्पादक शिकेल. ग्लासगोच्या पबमधल्या अनोळखी माणसांनी जो निर्मळ न्याय केला तो करण्याची क्षमता पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या घराघरांतल्या मित्रमंडळांत आहे. तेव्हा जागतिक व्हिस्की दिन पाळायचा असेल त्यांनी तो असा पाळावा: चार बाटल्या झाकाव्यात, त्यांत एक तरी भारतीय असावी, प्रत्येक ग्लासात १५ मिलिलिटरहून अधिक ओतू नये, आणि कागद उलगडण्याआधी जिभेने दिलेला निकाल, तो कितीही अनपेक्षित असला तरी, मित्रांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा.